गालाला लावलेली भाकरी

माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने डब्यातली तांदळाची भाकरी उचलली, लहान मुलाचा ताप बघावा तशी स्वतःच्या गालाला लावली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "मेली ही, बाई. सकाळची ना?"

तोपर्यंत मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

नातवंडांनो, तुमची आजी तुम्हाला माहीत आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, चमचे आकाराप्रमाणे, तुमच्याशी फोनवर बोलायचे मुद्देसुद्धा कागदावर. अशा घरात एक अनोळखी बाई शिरते, डबा उघडते आणि माझ्या भाकरीचं मरण जाहीर करते! तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली स्वतःची भाकरी काढली आणि मी काही म्हणायच्या आत ती माझ्या गालाला लावली. किन्हवलीच्या निम्म्या गावाला इंग्रजी शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या गालाला भाकरी!

"हिच्यात जीव हाय. कलला ना फरक?"

कळला होता. ती भाकरी कोमट होती आणि कानाच्या पाळीसारखी मऊ होती.

तिचं काम वेगळंच होतं. भाकरीच्या पाकिटावर इंग्रजीत काय छापायचं ते तिला माझ्याकडून हवं होतं. मुरबाडच्या एका कंपनीतलं पॅकिंगचं काम तिने सोडलं होतं. का, विचारलं, तर म्हणाली, "लोकांचा माल पिशवीत भरते, तं माझा का नको?" नाशिक हायवेवरच्या धाब्यांना ती घरच्या भाकऱ्या पुरवणार होती. मी मजकूर लिहून दिला: 'फ्रेश राइस भाकरी'. तिने तो कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि पदराच्या टोकात बांधला.

तिचं नाव मी लिहीत नाही. गावातही तिला नावाने फार कुणी हाक मारत नसे. आधी ती अमक्याची धाकटी सून होती, नंतर भाकरीवाली झाली. दोन्ही नावं तिने सारख्याच निवांतपणे वापरली.

धंदा पहिल्याच हंगामात बुडाला. पहाटे केलेल्या भाकऱ्या गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत जात, पिशवीला आतून घाम सुटे, आणि टेम्पोतून शहापूरला पोचेपर्यंत त्या आधी ओल्या आणि मग चिवट होत. धाबेवाल्याने तिच्यासमोर एक भाकरी दोन्ही हातांनी ताणून दाखवली. "ताई, चपलेचा तळ शिवायला चांगली हाय," तो म्हणाला आणि त्या दिवसाचा सगळा माल परत दिला. दुसऱ्या धाब्याने तेवढंही बोलायचे कष्ट घेतले नाहीत.

संध्याकाळी पाकिटं परत येत. 'फ्रेश' या शब्दावर बाष्प साचलेलं असे. ती ओटीवर बसून पाकिटं फोडायची आणि भाकऱ्या गुरांना घालायची. थोड्याच दिवसांत गावातल्या गाई चरून येताना तिच्या दारासमोर येऊन थांबू लागल्या, रेशनच्या दुकानासमोर थांबावं तशा. मी एकदा तिथून जात होते. तिने मान वर केली.

"या बाई. बघा, गिऱ्हाईक कसं टायमावर येतंय!"

आणि ती हसली. मला ते हसू सहन झालं नाही. तिची मोठी जाऊ शेजारच्याच ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. "गाईंना पोसायला नोकरी सोडलीन् हिने," ती सुपाकडे बघतच म्हणाली. दोघींची घरं एका भिंतीची, आणि जावेचं बोलणं भिंतीपलीकडेही ऐकू जाईल असं असे.

पण मला खरा धक्का पुढे बसला. गाईंना घालायच्या आधी ती प्रत्येक पाकिटातला एक तुकडा स्वतः खात होती. थंड, आंबूस, चिवट तुकडा ती सावकाश चावायची, जसं मी विद्यार्थ्याची चुकलेली वही पुन्हा पुन्हा वाचायची.

"अगं, पोट बिघडेल."

"बिघडू दे. कुठं मेली ते कलाया पायजे ना."

निखिल, तुझ्या कंपनीला कुलूप लागल्यापासून तू मला फोनवर फक्त तिथलं हवामान सांगतोस. मी सल्ला देत नाही, मला धंद्यातलं काही कळत नाही. पण त्या ओटीवरचा तो तुकडा मला हल्ली वारंवार आठवतो, म्हणून लिहिते आहे.

एके सकाळी मी बँकेच्या कामाला शहापूरला निघाले होते. एसटीत ती पुढच्या बाकावर बसली होती, मांडीवर कापडाने झाकलेली टोपली घेऊन. गाडी सुटली. पहिल्या थांब्याला तिने टोपलीतून एक भाकरी काढली, गालाला लावली, परत ठेवली. पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. कॉलेजची पोरं एकमेकांना ढोसू लागली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिला पण तिकीट काढू काय?"

"थांब रे. अजून जिती हाय."

शेणव्याच्या थांब्याला तिने भाकरी गालाला लावली आणि नुसती मान हलवली. शहापूरच्या जरा अलीकडे मात्र गालावरची भाकरी तिने खाली घेतलीच नाही. गाडी स्टँडला लागली, माणसं उतरली, तरी ती तशीच बसून. मी तिच्या खांद्याला हात लावला.

"गेली, बाई," ती म्हणाली. "पिशवीत घातली, फडक्यात घातली, केळीच्या पानात घातली, थर्माकोलच्या पेटीत पण घातली. हिला एवढा रस्ता झेपतच नाय."

मग तिने स्वतःचे दोन्ही तळवे उघडून पाहिले. बराच वेळ पाहिले. "मला झेपतो," ती म्हणाली.

एवढंच. त्या दिवसापासून तिने भाकरी पाठवणं बंद केलं आणि स्वतः जायला लागली. भाकरी थापायची लाकडी काथवट, तवे, पिठाचा डबा आणि गावातल्या चार बाया. मुरबाडच्या बाजूला मुंबईकरांची फार्महाऊसं आहेत. तिथे पंगत बसली की मागच्या अंगणात या बाया चुली मांडत, आणि तव्यावरची भाकरी सरळ ताटात जाई. वाफ निघत असताना. ज्या धाबेवाल्याने चपलेचा तळ म्हटलं होतं, त्याने पुढे तिला अंगणात चूल घालायला जागा दिली. ती रोज त्याला पहिली भाकरी देताना म्हणायची, "ताणून बघ रे."

इथपर्यंत गाव तिच्यावर खूश होतं. मग आली गावातली हळद.

आपल्याकडे हळदीच्या दुपारी भावकीतल्या बाया लग्नघरी जमतात आणि सगळ्या पंगतीच्या भाकऱ्या थापतात. गाणी, चेष्टा, पिठाचे हात. कुणी कुणाला पैसे देत नाही. तुझ्याकडे मी आले, माझ्याकडे तू ये, एवढाच त्यातला हिशोब. पण हल्ली निम्म्या बाया सकाळीच कंपनीच्या गाडीने जातात. तेव्हा त्या लग्नघराने भाकरीचं काम तिला सांगितलं, आणि तिने ते रीतसर घेतलं. इतरांकडून घेई तसेच पैसे घेऊन.

मी त्या मांडवात होते. तिची जाऊ उठली. हातातलं पीठ तिने झटकलं.

"भावकीत पैसे? भाकरीचे?"

"वहिनी, माझ्या बायांनी आज दुसरं काम सोडलंय. त्यांनी काय खायाचं?"

"मग ऐक गो. उद्या तुझ्या दारात मयत झालं ना, तं भाकरी पण विकतच आण. आमच्या चुलीवरून नाय यायची!"

तुम्हाला याचा अर्थ तिथून नीट कळणार नाही. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारी भाकरी घेऊन येतात. वैर असलं तरी येतात. ती भाकरी न देणं म्हणजे माणसाला गावातून काढणंच. जाऊसुद्धा स्वतःच्या बोलण्याने हादरल्यासारखी दिसली, पण बोलणं तोंडातून गेलं होतं.

तिने खाली बसून पुढची भाकरी थापली. ती मधोमध फाटली. तिच्या हातची फाटलेली भाकरी मी तेव्हाच एकदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच डब्याला हात न लावता बसली. "धंदा बुडाला तेव्हा मला भ्या वाटलं नाय, बाई. परत उभा करता येतो. पण दारात कोण आलंच नाय, तं ते कसं उभं करायचं?"

"मग गावात पैसे घेऊ नकोस," मी म्हटलं.

"ते जमणार नाय. त्या बायांची घरं हायेत त्याच्यावर." मग म्हणाली, "हळदीचे घेईन. मयताचे नाय."

आणि तिने ते पाळलं. कुणाकडे माणूस गेलं की तिच्या चारही बाया हातातलं काम सोडून काथवटी घेऊन निघत. ती घरून भाकऱ्या करून नेत नसे. शेजारच्या अंगणात चूल मांडायची, माणसं स्मशानातून परतायची वाट बघायची आणि मग तवा चढवायची. "रडून आलेल्या माणसाला मेलेली भाकरी नाय द्यायची," असं ती म्हणे. गावाने तिच्या भाकऱ्या खाल्ल्या. जावेच्या माहेरच्या माणसांनीही खाल्ल्या. जाऊ मात्र तिच्याशी बोलली नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन चुली पेटत राहिल्या.

या वर्षी लग्नसराईत सिद्धगडाच्या बाजूला एका गावात हळद होती. आदल्या दिवशी ती माझ्याकडे येऊन गेली होती. माझा डबा उघडून, भाकरी गालाला लावून, "आज जरा बरी हाय," असं प्रमाणपत्रही देऊन गेली होती. दुपारी मला फोन आला तेव्हा मी ते वाक्य मनात घोळवत होते. फोनवर तिच्या चार बायांतली एक होती. काथवटीपुढे बसल्या बसल्या भाकरीवाली पुढे झुकली, बायांना वाटलं पीठ ओढतेय, ती उठलीच नाही. मुरबाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी फोन ठेवला आणि कपाटातले चमचे काढून पुसत बसले. का, ते मला सांगता येणार नाही. तिला कधी डोकेदुखीही झालेली मी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी आणलं आणि पुरुषमाणसं स्मशानात घेऊन गेली. मी तिच्या ओटीवर, तिच्या मुलीजवळ बसून राहिले. चूल थंड. बायका येत, मुलीला जवळ घेत, डोळे पुसत आणि निघून जात. कुणाच्या हातात टोपली नाही. ऊन ओटीच्या पायरीपर्यंत चढलं. एरवी एव्हाना दोन-चार घरच्या भाकऱ्या येऊन पडलेल्या असतात. मी रस्त्याकडे बघत होते आणि मला मांडवातला तो आवाज ऐकू येत होता. खरंच? इतक्या वर्षांनी, तिने इतक्या दारांत जाऊन चुली मांडल्यावर?

तिची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माणसं येतील आता. शहापूरच्या हॉटेलातून चपात्या मागवू का?"

तिच्या आईच्या मयताला विकतची भाकरी. त्या विचाराने मी उठून उभी राहिले, आणि तेव्हा मला भिंतीपलीकडून तो आवाज आला. थाप, थाप, थाप. एका हाताचा नव्हे, अनेक हातांचा.

मी जावेच्या मागच्या अंगणात गेले. तिथे गाव बसलं होतं. तिच्या चार बाया होत्या, आणि मघाशी मोकळ्या हातांनी येऊन गेलेल्या त्या सगळ्या बायका होत्या. काथवटी मांडलेल्या, उकड मळलेली, थापलेल्या भाकऱ्या ओल्या फडक्यावर मांडलेल्या, चुली पेटलेल्या, तवे बाजूला. मधोमध जाऊ, पदर खोचून, डोळे धुराने की कशाने लाल.

"अगं, मी तिकडे वाट बघून..." मी म्हणाले.

"आदी करून ठेवल्या असत्या तं मेल्या असत्या ना, बाई," जाऊ म्हणाली. "तिला चाललं असतं काय?" आणि एका पोरीवर ओरडली, "कोपऱ्यावर जा, माणसं आली काय बघ! आल्याशिवाय तवा चढवू नका गो!"

माणसं परतली. तव्यांवर भाकऱ्या पडल्या, एकामागून एक फुगल्या. टोपल्या भिंतीला वळसा घालून तिच्या दारात जाऊ लागल्या.

पहिली भाकरी जावेने स्वतः उतरवली होती. ती टोपलीत टाकायला म्हणून तिने हात पुढे केला, थांबली, आणि ती भाकरी स्वतःच्या गालाला लावली. चटका बसत असणार. वाफ तिच्या कानाजवळून वर जात होती. बायका टोपली धरून उभ्या राहिल्या. तिने ती खाली घेतली नाही.