श्वास वीस

आमच्या आयसीयूत श्वास कोणी मोजत नसे. खोटं कशाला बोलू? तक्त्यावर सगळ्यांचा एकच आकडा असायचा, वीस. मॉनिटरचा भरवसा नाही, म्हणून मिनिटभर छातीकडे बघून श्वास मोजायचा असतो. पण आठ पेशंटमागे आम्ही दोघी सिस्टर, मिनिट आणायचं कुठून? मी तर नवीन मुलींनाही सांगायचे, "लिही वं वीस, काही होत नाही."

त्या सकाळी वाडीच्या गोदामातला एक हमाल दाखल होता. पायाची जखम चिघळलेली, अंगात ताप. ताप, नाडी, श्वास आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी, या चारांतल्या दोन गोष्टी बिघडल्या की विष अंगभर पसरतंय असं समजून डॉक्टरांना लगेच बोलवायचं, हा आमचा नियम. पेशींचा रिपोर्ट यायचा होता. नाडी बरी होती. श्वास मी सवयीने वीस लिहिला, आणि वीसपर्यंत श्वास ठीकच धरतात. चारांतला ताप तेवढा एक बिघडलेला ठरला आणि मी पुढच्या खाटेकडे वळले.

दहाला त्याची बायको आत आली. "सिस्टर, यायले दम लागून राहिला."

"मावशी, आमचं काम आम्हाला करू द्या!" मी खेकसले. आग लागो माझ्या जिभेला.

बाराला ती परत आली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "मिनटात चौतीस. सकाळी तीस होते. गोदामात पोते मोजाचं काम हाय माह्यं, चुकत नाही मी."

तेव्हा कुठे मी मोजले. छत्तीस! डॉक्टर धावत आले, औषधं सुरू झाली, घशात नळी टाकली. तक्त्यावर सकाळचा वीस तसाच होता, खाली माझी सही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, जखमच वाईट होती, दोन तासांनी किती फरक पडला असता सांगता येत नाही. मला तेवढंच धरून बसावंसं वाटलं, आणि स्वतःची किळस आली.

कागदांवर सही करून तिने माझा हात धरला.

"सिस्टर, सकाळी मी दम लागला एवढंच म्हटलं. आकडा सांगाले पायजे होता का?"

"नाही हो मावशी, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. कोणाचं चुकलं, ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.