सम्राट वारले ती सकाळ

बिट्टन मार्केटात पानमसाल्याचा वास आला, की टाउनशिपच्या कारखान्यातले आमचे साहेब आठवतात आणि किळस येते.

तिथल्या जपानी यंत्रांच्या तारखांत सम्राटाच्या राजवटीचं वर्ष असे; ते इसवी सनात बदलणारा प्रोग्राम मी लिहिला होता. एका सकाळी ते सम्राट वारले. आता नव्या सम्राटाची वर्षं पुन्हा एकपासून मोजायची, हे जपानी इंजिनिअर साटोसान ओल्या डोळ्यांनी मला समजावत होते.

साहेब मसाला चघळत आले. "बुड्ढा खुद गया, हमारा काम बढ़ा गया!"

सगळी खोली हसली. साटोसानना हिंदी कळायची.

"साहेब, त्यांच्या घरचंच माणूस गेलंय असं समजा," मी म्हणाले.

"मजाक था, मॅडम."

साटोसान कमरेत वाकले आणि बाहेर गेले.

तेव्हा मला फक्त साहेबांची शिसारी आली होती. आता त्या हसणाऱ्या खोलीची जास्त येते.