लॅमिनेट केलेलं गुणपत्रक

ऑगस्टमधला सोमवार. स्थळ: अबुधाबीतल्या एका विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय. हजर: मी, माझे यजमान, आमची मुलगी आणि काउंटरमागची बाई.

मुलीने शारजात दोन वर्षांचं कॉलेज पूर्ण केलं होतं. आता तिला इथे इंजिनीअरिंगला यायचं होतं. आधीचे विषय मान्य झाले तर तिसरं वर्ष, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. शारजातल्या अल नहदा भागातल्या घरून निघण्यापूर्वी मी फाइल दोनदा तपासली होती. पासपोर्ट, एमिरेट्स आयडी, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, गुणपत्रक. सगळं क्रमाने, रंगीत चिकटपट्ट्या लावून.

बाईने गुणपत्रक हातात घेतलं आणि वाकवून पाहिलं. ते वाकेना.

"मॅडम, यावर शिक्षण मंत्रालयाचा शिक्का कसा लागणार?"

शिक्का मूळ कागदावरच लागतो. आमचा मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या आत होता. निकाल हातात आला त्याच संध्याकाळी यजमान खालच्या टायपिंग सेंटरमधून तो लॅमिनेट करून आणि येताना पेढे घेऊन आले होते. आमच्याकडे कागद महत्त्वाचा ठरला की लॅमिनेट होतो. त्यांची दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं तशीच आहेत. आमची लग्नपत्रिकासुद्धा.

"अहो, निदान विचारायचं तरी!"

"अगं, खराब होऊ नये म्हणून केलं. उद्या त्यावर चहा सांडला असता म्हणजे?"

"बाबा, इट्स अ ट्रान्सक्रिप्ट, नॉट अ मेन्यू कार्ड," मुलगी म्हणाली.

"इस्त्री फिरवली की प्लॅस्टिक सुटतं म्हणे," यजमान पुटपुटले.

मी वही उघडली आणि बाईला विचारलं, "म्हणजे हिला प्रवेश मिळाला की नाही?"

"मिळाला."

"कोणत्या वर्षाला?"

"ते शिक्का आल्यावर ठरेल."

"आणि वर्ग?"

"पुढच्या सोमवारपासून."

"मग सोमवारी हिने बसायचं कोणत्या वर्गात?"

बाईने फाइल मिटली आणि गोड हसून म्हणाली, "इन्शाल्ला, तिसऱ्या."

माझ्या वहीत दोनच रकाने असतात, झालं आणि राहिलं. इन्शाल्ला कुठे लिहायचं ते मला कळेना. पुण्यात डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला जायची यादी लागायची. नाव असायचं किंवा नसायचं. इथे मुलगी आत आली होती आणि तरी कुठेच नव्हती.

तिथूनच शारजाच्या कॉलेजला फोन लावला. नवीन गुणपत्रक मिळेल, पण जुनं सुस्थितीत परत करावं लागेल, असं कळलं.

"लॅमिनेट केलेलं चालेल का?" मी विचारलं.

पलीकडचा माणूस हसला. "मॅडम, याहून सुस्थितीत काय असणार?"

सोमवारी मुलगी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसली. संध्याकाळी होस्टेलवरून तिचा फोन आला. "आई, आय सॅट देअर. बट माय नेम वॉझन्ट ऑन द लिस्ट."

"कोणी उठवलं का?"

"नो."

"मग उद्याही तिथेच बस."

ते बरोबर सांगितलं की चूक, मला अजून समजलेलं नाही.

नवीन गुणपत्रक काल आलं. यजमानांनी ते दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. कागद साधा आहे, वाकतो. शिक्का मारून आणायचा राहिला आहे.