सहा वर्षं घरी

कॉटनवर गरम इस्त्री फिरल्याचा वास आला, की मला मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या घरातला तो आठवडा आठवतो. तिथल्याच एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये रिसेप्शनिस्टच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू होता आणि नवऱ्याने माझी तयारी करून घ्यायचा चंगच बांधला होता. मी ड्रेसला इस्त्री करतेय आणि हा मागून विचारतोय, "मॅडम, सहा वर्षं घरी का होतात?" मी म्हणायचे, "सासऱ्यांना लकवा झाला होता." "अगं, तसं नाही सांगायचं! फ्रीलान्सिंग करत होते म्हण." रोज तेच ऐकून मला वीट आला होता. इंटरव्ह्यूत डॉक्टरबाईंनी नेमकं तेच विचारलं. पाठ केलेलं उत्तर ओठांवर आलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सासऱ्यांना सांभाळत होते. त्यांची वाचा गेली होती. काय दुखतंय ते डोळ्यांवरून ओळखायचे, ते चिडले की त्यांची समजूत काढायचे." बाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे असेच पेशंट येतात. सोमवारपासून याल?" मी अक्षरशः उडत घरी आले, सगळं सांगितलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "लकव्याचं सांगितलंस? आणि तरी घेतलं त्यांनी?" आज त्या सेंटरचं सगळं मीच बघते, पण त्याच्या त्या 'तरी'चा राग काही अजून गेलेला नाही.