येताना आपला वैरी घेऊन यावे

आमच्या ताईचा आवाज करवतीसारखा आहे, असं मी म्हणत नाही, समोरच्या दुकानातला बांबू म्हणतो. बांबू हे नाव ताईने ठेवलंय. सहा फूट उंची, मान पुढे काढून चालायची सवय आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात, "तसं नाही, म्हणजे तसंच आहे, पण..." करवत आणि बांबू. दोघांची खरी नावं आमच्या गल्लीत फक्त पोस्टमनला ठाऊक.

दोघंही चेटकाच्या धंद्यातले. आमचं दुकान मावशीचं, समोरचं बांबूच्या वडिलांचं. धंद्यात गूढ वगैरे काही नाही. सासूच्या तळतळाटाने कुणाच्या कपाटाचं दार उघडेना झालं, शेजाऱ्याच्या जळफळाटाने कुणाचं घड्याळ उलटं चालायला लागलं, की लोक आमच्याकडे येतात. ताई वस्तू टेबलावर ठेवते, चिमूटभर राख टाकते, तीन फुंकरा मारते आणि आत अडकलेला शाप चिमट्याने ओढून काढते. शाप दिसायला कापसाच्या बोळ्यासारखा. तो बाटलीत कोंबायचा आणि झाकण घट्ट लावायचं. मावशी म्हणते, अर्धं काम म्हणजे झाकण, आणि उरलेलं अर्धं म्हणजे गिऱ्हाइकाची रडगाणी ऐकणं.

वैर शाळेपासूनचं. ताई बारा वर्षांची होती. वर्गात उभी राहून शाप काढून दाखवत होती, तेवढ्यात बांबूने हात वर केला. "बाई, तिची तिसरी फुंकर राहिली." खरंच राहिली होती, म्हणून तर जास्त झोंबलं. मधल्या सुट्टीत ताईने त्याच्यावर आयुष्यातला पहिला उचकी-मंत्र टाकला.

उचकी-मंत्र हा सगळ्यांत लहान वाईट मंत्र. बाकीच्या जगात उचकी लागली की म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय. आमच्या गल्लीत विचारतात, "कुणाशी भांडलास?" या मंत्राला राख नको, चिमटा नको. फक्त मनात खराखुरा राग हवा. राग नसेल तर मंत्र म्हणजे नुसती तोंडची वाफ.

राग भरपूर होता. बांबू न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना ताईने खिडकीतून मंत्र टाकला आणि त्याची कोवळी मिशी अर्धीच उरली. त्याने सूड म्हणून ताईला शाळेच्या स्नेहसंमेलनात आभारप्रदर्शन करताना गाठलं. "प्रमुख पा-हिक्-हुण्यांचे..." ते भाषण अजून गल्लीत तोंडपाठ आहे. बांबूची उचकी मला डोळे मिटून ओळखता येते: आधी उजवा खांदा उडतो, मग घशातून "ग्लुप्", मातीच्या माठात खडा पडावा तसं. गेल्या वर्षभरात मात्र समोरून एकही उचकी आली नव्हती. "घाबरला," ताई म्हणायची. आम्हीही तसंच समजलो.

यंदा मावशीचा हात थरथरायला लागला. चिमटा धरवेना. दुकानाचा परवाना तिच्या नावावर, तो पुढच्या महिनाअखेर संपणार. ताई परवान्याची परीक्षा पास झाली तर दुकान तिचं; नाही तर शटर खाली. मोबाइलची कव्हरं विकणारा एक गृहस्थ तर आतापासूनच येऊन आमच्या भिंती टेपने मोजून गेला होता.

परीक्षेच्या अर्जावर छापलेलं असतं: येताना दोन फोटो, चिमटा व आपला वैरी घेऊन यावे. कारण ज्याला लहानसा वाईट मंत्र हात राखून टाकता येत नाही, त्याच्या हाती लोकांची कपाटं कशी द्यायची? वैऱ्याचं नाव महिनाभर आधी लिहून द्यायचं, मग बदलता येत नाही. ताईने अर्ज भरताना पेन कागदावरून उचललंसुद्धा नाही इतक्या झटक्यात "बांबू" लिहिलं. त्यालाही परीक्षा द्यायचीच होती. त्याने "करवत" लिहिलं. दोन्ही अर्ज मंजूर. त्या कार्यालयाला सगळं चालतं.

आणि मग ताईला ताप आला.

चार दिवस अंथरुणात. टेबलावर एका आजोबांचं घड्याळ पडून होतं, शनिवारी द्यायचा वायदा. शनिवारी ताई धडपडत उठली, तर घड्याळ बरं होऊन सुतळीत बांधून तयार! शापाची बाटली फळीवर, झाकण घट्ट. चिमटा, ब्रश, राखेची डबी, सगळं ताईच्या त्या उफराट्या क्रमाने लावलेलं, जो क्रम जगात कुणालाच कळत नाही.

"मावशी, तू केलंस?"

"माझ्या हाताने? मेलं, साधा चहा गाळता येत नाही मला."

ताईने सुतळीची गाठ पाहिली. दुहेरी, वर एक उगाचची तिसरी. तशी गाठ गल्लीत एकच माणूस मारतो. समोरून सहा वर्षं बघत बसल्याशिवाय तो क्रमही कुणाला पाठ होत नाही. ताईने सुतळी गाठीसकट अलगद काढून ठेवली. घड्याळ आजोबांना देऊन आली आणि तिसरी गाठ बोटाने कितीतरी वेळ कुरवाळत बसली.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा तिने सरावासाठी खिडकीतून मंत्र टाकला. बांबू समोर दुकान झाडत होता. झाडतच राहिला.

"वारा आडवा आला असेल," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. तिसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून त्याच्या मागे दोन हातांवर उभी राहिली. काही नाही. उलट तो वळून म्हणाला, "तसं नाही, म्हणजे तसंच आहे, पण... बरं वाटतंय का आता?"

ताई घरी आली ती पांढरीफटक. "राग येत नाहीये गं मला. सहा दिवसांत कुठून आणू?"

मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बये, सात वर्षं पुरून उरला असा राग, आणि ऐन गरजेच्या वेळी संपला?"

मग आम्ही राग आणायच्या मागे लागलो. मी त्याचे गुन्हे वहीत उतरवले आणि रोज सकाळी ताईसमोर उभी राहून त्याच्या आवाजात वाचले. मान पुढे, खांदे पाडून: "तसं नाही, म्हणजे तसंच आहे, पण... बाई, तिची तिसरी फुंकर राहिली." ताईने ओठ आवळले. मला वाटलं, आला राग. ती फिस्सकन हसली. आभारप्रदर्शन काढलं, तर पोट धरून हसली. मग हसता हसता रडायला लागली, कारण खाली दुकानात मोबाइलवाला पुन्हा टेप घेऊन आला होता.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. लांब खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, टेबलावर पितळेची घंटा, मागे परवाना-बाई. बाई नाकातून बोलतात आणि दर वाक्याला "असो" लावतात.

"प्रयत्न तीन. प्रत्येक प्रयत्न मी घंटा वाजवीन तेव्हा संपेल, असो. वैरी पुढे या."

बांबू पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले. वैरी म्हणून कुणी एवढं नटून येतं का?

ताईने मंत्र म्हटला. शांतता. टण्!

दुसऱ्यांदा म्हटला. आवाज फाटला. बांबू तसाच उभा, फक्त कान लाल. टण्!

मावशीने माझा हात इतका दाबला की बोटं कळेनाशी झाली. ताईने तिसऱ्यांदा मंत्र म्हटला, जवळजवळ पुटपुटलीच, आणि...

"हिक्!" बांबू म्हणाला.

परवाना-बाईंनी घंटेकडे हात नेला. आणि माझं तोंड, जे आजवर एकदाही वेळेवर बंद राहिलेलं नाही, ते उघडलं. "ही त्याची उचकी नाहीच! खांदा कुठे उडाला?"

परवाना-बाईंचा हात घंटेजवळच थांबला. मावशी म्हणाली, "कार्टे, जीभ हासडून हातात देईन." मलाही तसंच वाटत होतं.

ताई बांबूकडे वळली. "तू नाटक केलंस?"

"तसं नाही, म्हणजे तसंच आहे, पण..."

"मला पास करतोस? तू? मला भीक घालतोस?"

"तुझं दुकान जाईल म्हणून..."

"गेलं तर माझ्या हाताने जाईल! सात वर्षं मी तुझ्यावर खरा मंत्र टाकला. एकदाही खोटा नाही. आणि तू माझ्यापुढे खोटी उचकी देतोस? एवढीच माझी किंमत?" आणि त्याच दमात, श्वाससुद्धा न घेता, सवयीने, तिच्या तोंडून मंत्र सुटला.

बांबूचा उजवा खांदा उडाला.

"ग्लुप्!"

मग आणखी एक. मग रांगच लागली. हिरवं कापड हललं, परवाना-बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. बांबू भिंतीला टेकून ग्लुप् ग्लुप् करत होता आणि त्याचं तोंड, काय सांगू, लग्नाच्या फोटोत असतं तसं.

"पण बाई, तीन झाले ना?" मावशीने घाबरत विचारलं.

"घंटा वाजवली का मी?" परवाना-बाई नाकातून म्हणाल्या. "तिसरा प्रयत्न चालूच होता, असो. उमेदवाराने आता उतारा करावा."

ताईने उतारा केला. पाठीवर तीन थापा, शेवटची जरा हळू. उचकी थांबली. शिक्का पडला. मावशी तिथेच खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

मग बांबूची पाळी. ताई वैरी म्हणून समोर उभी. त्याने मंत्र म्हटला, स्वच्छ, एकही अक्षर न चुकवता. काही नाही. टण्. पुन्हा. टण्. तिसऱ्यांदा तर तो मंत्र म्हणता म्हणताच थांबला.

"राहू द्या बाई. वर्षभर घरी करून बघतोय. लागत नाही."

ताईचं तोंड उघडं ते उघडंच. म्हणजे तो घाबरला नव्हता. समोरच्या खिडकीत बसून वर्षभर मंत्र म्हणत होता आणि एकही लागत नव्हता!

परवाना-बाईंनी अर्जावर शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचला. "नापास. उमेदवाराच्या मनात वैर आढळले नाही, असो. नियमाप्रमाणे एक वर्ष परवानाधारकाच्या हाताखाली काम करावे. नात्यातल्याकडे चालत नाही. गावात दुसरं दुकान कोणाचं?"

"यांचं," बांबू म्हणाला. इतक्या झटकन तो कधीच बोलला नव्हता.

तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. चिमटे पुसतो, झाकणं घट्ट लावतो, गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकतो. यात तो ताईपेक्षा बरा आहे, हे मी मोठ्याने म्हणत नाही. रोज सकाळी शटर उघडलं की ताई त्याच्यावर उचकी-मंत्र टाकते. पुढच्या वर्षी त्याला राग आणून द्यायची जबाबदारी तिची आहे ना, म्हणून आधी स्वतःचा शाबूत आहे का ते बघते. लागत नाही. एकदाच लागला, त्याने राखेची डबी उलट्या बाजूला ठेवली त्या दिवशी, तोही अर्धाच.

परवा तो गावाच्या दुसऱ्या टोकाला कपाट पोहोचवायला गेला होता. दुपारी परत आला तो दारातूनच विचारत. "वाटेत मला जोरात उचकी लागली. अकराच्या सुमाराला. मंत्र टाकलास का?"

"नाही," ताई म्हणाली. तिच्या हातातला चिमटा उलटा होता. अकराच्या सुमाराला ती सुतळीच्या गाठी मारत बसली होती, दुहेरी, वर एक उगाचची तिसरी.

मावशीने हातातल्या बाटलीवरून नजर न उचलता म्हटलं, "मग बाकीच्या जगात लागते तशी लागली असेल."

खांदा उडाला होता का, हे मला फार विचारायचं होतं. पण तोंड बंद ठेवलं.