टाकीच्या गोळ्यांचा बोया

अशा गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी आधी सांगणाऱ्यालाच तपासायचो. अजूनही तपासतो. पण हा अनुभव माझाच, म्हणून पंचाईत...

खराडीत नवीन आयटीची नोकरी, घर बिबवेवाडीत आणि रविवारी खडकवासला धरणात शिडाची होडी — असं खूळ होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या छोट्या क्लबात शिकवायचे साठेकाका, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांचा पहिला धडा : धरणाच्या भिंतीकडून वर जाताना पाण्यावर तरंगणारा खुणेचा लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या; मधली वाट सुरक्षित. परतताना बरोब्बर उलट.

सप्टेंबर, दुपारचे चार, धरण तुडुंब. नऊ वर्षांची लेक सई सोबत. परतताना भुरभुर सुरू झाली, डोक्यात ऑफिसचा बग... आणि मी लाल बोया जातानासारखाच डावीकडे ठेवला. वारा पाठीशी, होडी सुसाट.

"बाबा, ते पिंप बघ."

वीस फुटांवर काळं पिंप, मधोमध लाल पट्टा, वर सळईला दोन काळे गोळे. वरच्याला पोचा. ही खूण पुस्तकात पाहिलेली — इथेच धोका आहे, लांब राहा. मी जीव खाऊन सुकाणू दाबलं. होडी कलली, वळली. मागे पाहिलं तर नुसतं पाणी.

काठावर साठेकाकांना सगळं सांगितलं.

"परतताना उलट, हे इंजिनियरला किती वेळा सांगायचं?" ते म्हणाले. "आणि तिथे असला बोया नाही."

"अहो काका, दोघांनी पाहिला. वरच्या गोळ्याला पोचा होता."

ते खालीच बसले. "पाण्याच्या टाकीत नळाला लावतात ते तरंगणारे गोळे. मीच रंगवले होते, पोचाही माझ्याच हातचा. पहिल्याच वर्षी पिंप गंजून बुडालं. मग तिकडे कुणी जाऊच नये म्हणून लाल बोया टाकला."

पुढच्या मे महिन्यात पाणी उतरल्यावर आम्ही तिघं त्या जागेपर्यंत चालत गेलो. धरणात बुडालेल्या जुन्या गावाची दगडी भिंत, पुरुषभर उंच, वरचे दगड सुरीसारखे. होडी त्यावर गेली असती तर... मी सईचा हात धरला. भिंतीलगत चिखलात पिंप आडवं पडलेलं, तळ पार गेलेला, सळईवर दोन्ही गोळे तसेच, साखळी अजून दगडाला बांधलेली. ते तरंगणं शक्यच नव्हतं.

भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा? तोही कधी न पाहिलेल्या पोच्यासकट?

सईने त्या पोच्यावर तळहात ठेवला. मी बूट काढले आणि हात जोडले. कुणाला, ते अजून कळलेलं नाही.