लाल रेघेकडे सरकणारा काटा

आज वाडीच्या गोदामांजवळून येताना एका उभ्या ट्रकखालून तापलेल्या चिखलाचा वास आला, आणि मला तो जुना प्रवास आठवला.

लग्नाला दोनच महिने झाले होते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. ते मला आपल्या ट्रकमधून उमरेडकडे माहेरी सोडायला निघाले होते. गावाच्या अलीकडे नुसता चिखल होता. चाकं घसरत होती, इंजिन ओरडत होतं आणि त्यांची नजर वाटेवर होती. समोरचा इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र लाल रेघेकडे सरकत होता. इंजिन जळालं तर घरची एकुलती गाडी जाईल, एवढं मला कळत होतं. पण मी आपणहून त्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. पदर दातात धरून बसले. काटा रेघेला टेकला तेव्हा तोंडातून निघालं, "मामाजी, काटा!"

त्यांनी गाडी थांबवली. "आतापर्यंत काहून बोलली नाही वं?"

मी रडायच्या बेतात होते. पंखा फिरत राहावा म्हणून इंजिन चालूच ठेवून ते खाली उतरले आणि रेडिएटरच्या जाळीत भरलेला चिखल काडीने काढू लागले.

"मले इथून दिसत नाही. काटा कुठं आहे ते सांगत राह्य. जोरानं!"

"थोडा खाली आला," मी म्हणाले. मग ओरडून, "आणखी खाली!"

काटा मधोमध येऊन थांबला. तरी ते विचारतच राहिले, "आता?" आणि मी न घाबरता सांगत राहिले.

तेव्हा वाटलं, रागावलेत. आज वाटतं, जाळी केव्हाच साफ झाली होती.